नोराकाकूंची गुढी

नोरा वसंत कर्णिक, वय अडुसष्ट, राहणार नौपाडा, ठाणे. यांच्यावर अन्याय झाला. या वर्षी सतरा मार्चला, सकाळी सव्वाआठ वाजता. सातव्या मजल्यावरच्या त्यांच्या गॅलरीत, कपडे वाळत घालायच्या दोरीवर एक कापड टांगलेलं होतं. त्याचा खालून फोटो काढला गेला, सोसायटीच्या ग्रुपवर टाकला गेला, आणि त्याखाली लिहिलं गेलं, 'तिरंगा उलटा टांगलाय. चक्रही काढून टाकलंय. परदेशी बाई आहे. पुढे पाठवा.'

'काढला गेला, टाकला गेला' असं मी लिहिलेलं काकूंना चालणार नाही. "गेला-गेला काय करतेस? कोणी काढला?" असं त्या म्हणतील. काकू, मला माहीत नाही कोणी काढला. त्यावरून पोलिसांत गेलेल्या अर्जावर एकतीस जणांनी सह्या मात्र केल्या, त्यांची नावं माहीत आहेत.

कुणावर अन्याय झाला आणि कधी, हे पहिल्या ओळीत सांगायचं, हेही काकूंनीच शिकवलेलं. मी कोपरीची. नववीत इंग्रजीत आपटले तेव्हा आई मला स्टेशनच्या पुलावरून पलीकडे नौपाड्यात त्यांच्याकडे घेऊन गेली. इंग्रजी सुधारलं, कॉलेज झालं, मी भाडेकरूंच्या हक्कांचं काम करायला लागले, तरी माझं जाणं थांबलं नाही. आमच्या गटाचं पहिलं पत्रक मी त्यांच्या जेवणाच्या टेबलावर बसून लिहिलेलं. 'शोषणाच्या अमानुष वरवंट्याखाली' अशी सुरुवात होती. काकूंनी चष्मा वर केला, वाचलं आणि विचारलं, "ही वरवंट्याखालची बाई कोण? तिला नाव नाही?"

नाव होतं. एका मुलीला आडनाव ऐकून तीन इमारतींत घर नाकारलेलं.

"मग ते लिही. आधी नाव, मग वेळ, मग रडणं. आणि शेवटी वाचणाऱ्याला काम दे. नुसता राग देऊन घरी पाठवू नकोस, तो राग घेऊन माणूस जेवतो आणि झोपतो."

हे त्या बोलत होत्या चोख मराठीत. गोऱ्या, उंच, नाकावर वांगाचे ठिपके, आणि तोंडात 'अगबाई', 'इश्श', 'काय मेलं ते'. मराठी त्यांना सासूबाईंनी शिकवलेलं, आणि सासूबाईंचं मराठी सदाशिव पेठेतलं. त्यामुळे आमच्या पिढीने टाकून दिलेले शब्द काकू रोज वापरायच्या. मी 'मी आलेले काल' म्हटलं की त्या म्हणायच्या, "आले होते. तू काय पार्सल आहेस?"

पत्रकाचं शिक्षण मात्र सासूबाईंचं नव्हे. ते बोस्टनचं. काकूंचे वडील तिथे गोदीत कामगार होते, युनियनवाले. दहा वर्षांची नोरा स्वयंपाकघरात बसून पत्रकांच्या घड्या घालायची. आजोबा-आजी आयर्लंडमधून बोटीने आलेले. आजी श्रीमंतांच्या घरी धुणंभांडी करायची. 'आयरिश लोकांनी विचारू नये' अशा पाट्या असायच्या म्हणे, नोकरीच्या जाहिरातीत, घराच्या जाहिरातीत. त्या मुलीला घर नाकारल्याची गोष्ट मी पुढे सविस्तर सांगितली तेव्हा काकू उठून आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. आल्या तेव्हा एवढंच म्हणाल्या, "पाटी तीच. फक्त रंगवणारा बदललाय."

काकूंना कुणी इंग्रज म्हटलेलं खपायचं नाही. अमेरिकन म्हणा, गोरी म्हणा, चालेल. एकदा आम्ही रिक्षाने स्टेशनला निघालो होतो. रिक्षावाले काका गप्पिष्ट. मागे वळून म्हणाले, मॅडम, तुमच्या इंग्लंडने आमच्यावर दीडशे वर्षं राज्य केलं, पण मराठी तुम्ही चांगलं बोलता हां. काकूंनी रिक्षा तिथेच थांबवायला लावली. भर रस्त्यात. मला वाटलं, आता भांडणार. त्या उतरल्या, पुढे जाऊन रिक्षावाल्यांच्या समोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "दादा, तुमच्यावर दीडशे. आमच्या आयर्लंडवर सातशे." मग परत येऊन बसल्या. रिक्षावाल्या काकांनी रिक्षा सुरू केली. मग म्हणाले, "मग तुम्ही आमच्यातल्याच की." काकू स्टेशन येईपर्यंत हसत होत्या.

सतरा मार्च हा त्यांचा सण. संत पॅट्रिकचा दिवस. त्या दिवशी त्या हिरवं इरकल नेसायच्या, सकाळी चर्चला जायच्या, आल्यावर बटाटे आणि कोबी उकडायच्या, वर लोण्याचा गोळा. दारूचा थेंब नाही. त्यांच्या वडिलांच्या एका भावाला दारूने खाल्लेलं, त्यामुळे घरात बंदीच होती. आणि नेमका हाच सण जगाला माहीत आहे तो हिरव्या बिअरचा म्हणून.

तीन वर्षांपूर्वी घोडबंदर रोडवरच्या एका मॉलमध्ये हा सण साजरा करायचं ठरलं. कुणीतरी काकूंचं नाव सुचवलं, खरी आयरिश बाई, पाहुणी म्हणून बोलवा. काकू खूश. इरकल नेसून, मला घेऊन गेल्या. तिथे हिरव्या टोप्या, हिरव्या मिशा, आयरिश लोककथेतल्या बुटक्या म्हाताऱ्याचा पुठ्ठ्याचा पुतळा. सूत्रसंचालक पोरगा माईकवर ओरडत होता, आज आयर्लंडचा दारू पिण्याचा नॅशनल डे. त्याने काकूंच्या डोक्यावर टोपी ठेवली आणि विचारलं, मॅम, तुमच्या घरी आज काय करायचे?

काकूंनी टोपी काढली, नीट हातात धरली. "माझी आजी सहा वाजता चर्चला जायची," त्या मराठीत म्हणाल्या. "मग दुसऱ्यांच्या घरी भांडी घासायला. त्या घरच्यांना त्या दिवशी सुट्टी नव्हती, आजीला तर नव्हतीच. पण कोटाला एक हिरवी फीत लावून जायची. मालकीणबाई म्हणायची, काढ ते. आजी काढायची नाही. एवढाच आमचा सण."

टाळ्या दोन-चार वाजल्या. मग पोरग्याने गाणं लावलं. परत येताना मी तणतणत होते. काकू खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, अगं, पोरगं चांगलं होतं, त्याला कुणी सांगितलंच नसेल. आणि थोड्या वेळाने, "मलाही कुठे सगळं माहीत होतं?"

मग त्यांनी ती गोष्ट सांगितली, जी त्या सहसा सांगत नसत. आयर्लंड त्यांनी पहिल्यांदा पाहिलं ते अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, वसंतकाकांबरोबर. आजीच्या गावात दूरच्या भावंडांकडे उतरल्या. सतरा मार्चला काकूंनी कौतुकाने, बोस्टनला आई करायची तसं खारवलेलं गोमांस आणि कोबी शिजवला. भावंडं ताटाकडे बघत बसली. मग वहिनी हसून म्हणाली, हे आमच्यात नाही गं करत कुणी, हे तुम्हा अमेरिकनांचं. काकूंना आयुष्यभर वाटत होतं की आपण आजीचं काहीतरी सांभाळतोय. "तिथे मी अमेरिकन. अमेरिकेत आयरिश. आणि तुमच्या ठाण्यात इंग्रज," त्या म्हणाल्या. वसंतकाका त्या रात्री त्यांना म्हणालेले, आपण ठाण्याचे, झालं. काकूंनी तेच धरून ठेवलं. काका जाऊनही आता अकरा वर्षं झाली. दोघांना मूलबाळ नाही. बोस्टनला एक भाची आहे, ती नाताळला कार्ड पाठवते. काकूंचं असं जे काही आहे ते इथेच आहे.

आता त्या कापडाविषयी.

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षीची गोष्ट. सतरा मार्च जवळ आला आणि नवी सून कोपऱ्यात बसून मुसमुसायला लागली. सासूबाईंनी कारण काढून घेतलं. झेंडा हवाय ना, मग शिवूया, एवढं काय त्यात. आयर्लंडचा झेंडा उभ्या तीन पट्ट्यांचा. काठीकडे हिरवा, मध्ये पांढरा, टोकाला नारंगी. हिरवं कापड सासूबाईंच्या विरलेल्या इरकलातून निघालं. पांढरं वसंतकाकांच्या जुन्या सदऱ्यातून. नारंगी काही मिळेना. सासूबाईंनी कपाटातून गुढीचं भगवं कापड काढलं, अर्धं फाडलं. काठीला बांधायला कडेला चार नाड्या शिवल्या. आणि सतरा मार्चला कळकाच्या काठीवर ते गॅलरीत उभं केलं. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं, पाडवा लांब आहे ना हो अजून? सासूबाई म्हणाल्या, "ही नोराची गुढी. आमची नंतर."

तेव्हापासून त्यांच्या जुन्या तीन मजली इमारतीत तिचं नाव तेच. नोराची गुढी. मुलं बटाटे खायला यायची. दरवर्षी दोन गुढ्या, एकाच काठीवर, आधी सुनेची, मग सासूची. सासूबाई गेल्यावर दोन्ही काकूच उभारायच्या. पाडव्याच्या गुढीला त्यांच्याकडे असायचं ते उरलेलं अर्धं भगवं.

मग इमारत पाडली. तिच्या जागी सोळा मजल्यांचा टॉवर आला. जुनी बिऱ्हाडं बरीचशी विकून डोंबिवलीला, बदलापूरला गेली. काकू गेल्या दिवाळीत सातव्या मजल्यावर परत आल्या. लिफ्टमध्ये सगळे नवे चेहरे. आणि काचेच्या कठड्याची गॅलरी, आणि नियमावली. दर्शनी बाजूला काठी, बांबू, अँटेना लावू नये.

काकू नियम पाळणाऱ्या. परक्या देशाच्या नागरिक, दर काही वर्षांनी इथे राहण्याची मुदत वाढवून घ्यायची, त्याला पोलिसांचा शेरा लागतो. चाळीस वर्षांत त्यांनी रस्तासुद्धा सिग्नल बघून ओलांडला. सोळा मार्चच्या संध्याकाळी त्यांनी मला फोन केला. काठी लावायला सेक्रेटरींची लेखी परवानगी मागू का? मी एका मीटिंगमध्ये होते, घाईत होते. मी बोलले, "काकू, दोरीवर बांधा ना. कोण बघतंय?"

हे मी बोलले. लिहिलं पाहिजे म्हणून लिहिते.

त्यांनी काठीच्या नाड्या दोरीला बांधल्या. आता कल्पना करा. काठीकडचा हिरवा वर गेला. पांढरा मध्ये. भगवा खाली. आणि भगवा खरोखरचा भगवा, गुढीतला. खालून बघणाऱ्याला काय दिसलं असेल? मी त्याला दोष देत नाही. मलाही तेच दिसलं असतं. फक्त मी सातव्या मजल्याची बेल वाजवली असती.

बेल कुणीच वाजवली नाही. दहा वाजेपर्यंत फोटो चार ग्रुपांवर, दुपारपर्यंत माझ्या कोपरीतल्या मावशीच्या भिशीच्या ग्रुपवर. संध्याकाळी एकतीस सह्यांचा अर्ज पोलिसांत गेला. काकू या वेळात काय करत होत्या? टॉवरमधल्या मुलांसाठी बटाटे उकडून ठेवून वाट बघत होत्या. त्यांनी लिफ्टजवळ चिठ्ठी लावली होती, 'आज माझ्याकडे सण आहे, मुलांनी यावे.' बेल वाजली तेव्हा त्या लोण्याची वाटी हातात घेऊनच दार उघडायला गेल्या. दारात दोन पोलीस होते.

मी पोलीस ठाण्यात पोहोचले तोवर त्या तिथे खुर्चीवर बसल्या होत्या, इरकल नेसून, मांडीवर पर्स घट्ट धरून. समोरचे साहेब तरुण होते आणि उद्धट मुळीच नव्हते. त्यांनी मोबाइलवर आयर्लंडचा झेंडा शोधला, मोबाइल आडवा धरला, उभा धरला, आणि त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी रंगांचा अर्थ विचारला.

"हिरवा म्हणजे कॅथलिक, नारंगी म्हणजे प्रोटेस्टंट," काकू म्हणाल्या. "आणि पांढरा मध्ये, दोघांनी भांडू नये म्हणून."

साहेब म्हणाले, "आमच्याकडे पण शाळेत साधारण असंच सांगतात."

सगळे हसले. मला वाटलं, संपलं. पण साहेब म्हणाले, मला पटलंय, पण अर्ज आलाय, सह्या आहेत, अर्जदारांनी गैरसमज झाला असं लेखी दिलं तर लगेच निकाली काढतो, नाहीतर चौकशी चालू असंच दाखवावं लागेल. कापडही ठेवून घ्यावं लागलं. हवालदारांनी नोंद केली, एक शिवलेले कापड, तीन रंगी. काकू हळूच म्हणाल्या, त्यातलं भगवं गुढीचं आहे, तसं लिहाल का? त्यांनी लिहिलं.

काकूंची मुदत एप्रिलअखेर संपते. 'चौकशी चालू' या दोन शब्दांवर ती वाढत नाही. म्हणजे सरळ सांगायचं तर, एकतीस जणांनी एक ओळ लिहून दिली नाही, तर चाळीस वर्षं ठाण्यात काढलेल्या बाईला मे महिन्यात बोस्टनला जावं लागेल, जिथे तिला नाताळच्या कार्डापलीकडे कुणी ओळखत नाही.

मी सेक्रेटरी साळगावकरांकडे गेले. माणूस सभ्य. पाणी दिलं, बसा म्हणाले. तो आयर्लंडचा झेंडा आहे हे त्यांना त्याच रात्री मुलीने दाखवलं होतं. मग लेखी द्या ना काका, मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे न बघता पेल्याखालचं कोस्टर सरळ केलं.

"ताई, आता मागे घेतलं तर सगळ्यांसमोर आमचंच हसं होईल. होईल काही दिवसांत शांत."

मी दारोदार फिरले. कुणी म्हणालं, मी वाचलंच नव्हतं, वॉचमनने कागद आणला, सही केली. कुणी म्हणालं, बाकीचे मागे घेतील तर मीही घेईन. बाराव्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, चूक झाली खरी, पण त्यांनी तरी कशाला लावायचं बाहेर? प्रत्येकाला माहीत आहे. प्रत्येक जण दुसऱ्याची वाट बघतोय.

तेव्हापासून काकूंच्या घरी गेलं की मला दारातच धास्ती वाटते. माळ्यावरची सुटकेस खाली आली आहे. कधी त्यात सासूबाईंचा पितळी डबा असतो, कधी तो परत फडताळात. लिफ्टचा आवाज आला की काकू बोलता बोलता थांबतात. लिफ्ट पुढे गेली की वाक्य पुरं करतात. मराठीत त्या माझ्याशी नेहमीच बोलायच्या, आता जिन्यात मुद्दाम मोठ्याने बोलतात, कुणीतरी ऐकावं म्हणून. गेल्या आठवड्यात मी 'मी आलेले काल' म्हटलं आणि त्यांनी मला दुरुस्त केलं नाही.

सतरा मार्चनंतर दोन आठवड्यांनी पाडवा आला. मी सकाळी गेले. खाली उभी राहून वर पाहिलं तर टॉवरच्या बहुतेक गॅलऱ्यांत गुढ्या. काचेच्या कठड्याला बांधलेल्या काठ्या, वर तांबे, साखरेच्या गाठी, कडुलिंब. दर्शनी बाजूला. एकाही काठीला नियम आडवा आला नव्हता, आणि येऊही नये. सातव्या मजल्यावरची गॅलरी मात्र रिकामी.

काकू आत पाटावर कडुलिंब आणि गूळ ठेवून बसल्या होत्या. माझ्या हातावर ठेवलं. मी विचारलं, गुढी? उरलेलं अर्धं भगवं त्यांच्या मांडीवरच होतं, नीट इस्त्री केलेलं.

"यंदा नको गं," त्या म्हणाल्या. "आता कुठलं कापड बाहेर लावलं तर कुणाला काय दिसेल, मला कळेनासं झालंय."

मग त्या उठल्या, ओलं फडकं घेऊन गॅलरीत गेल्या आणि ती रिकामी दोरी या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसायला लागल्या. समोरच्या विंगेतून कुणीतरी हात केला, पाडव्याच्या शुभेच्छा दिल्या. काकूंनी आधी मागे वळून पाहिलं, आपल्यालाच ना, म्हणून. मग फडकं धरलेला हात अर्धवट वर केला.

काकू, नाव सांगितलं. वेळ सांगितली. रडणंही झालं. आता काम.

त्या अर्जावर तुमची सही असेल, तर आज एक कोरा कागद घ्या. त्यावर लिहा : 'मी न विचारता सही केली. तो आयर्लंडचा झेंडा होता. माझी तक्रार नाही.' खाली नाव, फ्लॅट नंबर, सही. दुसऱ्यांची वाट बघू नका, तेही तुमचीच बघतायत. कागद पोलिसांत नेऊन द्या, एप्रिल संपायच्या आत. आणि सही नसेल, पण तो फोटो तुमच्या फोनमध्ये असेल, तर ज्यांना ज्यांना पाठवलात त्यांना खरं काय ते कळवा. मग सातव्या मजल्यावर जा आणि बेल वाजवा.